पोरामागे एक ओळ

आमच्या गुरुजींसमोर दारात गेल्या गेल्या कुणी पाण्याचा तांब्या धरला की ते दोन पावलं मागे सरत आणि म्हणत, "आंधी खबर, मंग पानी." होळी होऊन गेलेली असायची. ऊन कानशिलं भाजत असायचं, चालून चालून घसा कोरडा पडलेला असायचा, पण पाणी नाही. घरातली झाडून सारी माणसं अंगणात आल्याशिवाय त्यांचा हात खिशाकडे जात नसे. चुलीपुढची बाई, गोठ्यातला गडी, खाटेवरची म्हातारी, सगळे आले की ते घडी घातलेला कागद काढत आणि दवंडी द्यावी तशा आवाजात त्या घरच्या पोराचं नाव घेत. तोवर आजूबाजूची चार घरंही बाहेर येऊन उभी राहिलेली असत.

ते आमचे हेडमास्तर होते. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं शिकवलं. ते वारल्यावर शाळेत शोकसभा झाली, तिथे सगळे भरभरून बोलले. मीही बोलले. त्यांची छत्री, त्यांचे खिसे, त्यांची खबर, सगळं सांगून लोकांना आधी हसवलं आणि मग रडवलं. पण जे बोलायला हवं होतं ते तिथेही माझ्या तोंडून निघालं नाही. म्हणून आता लिहिते आहे.

शाळा अल्लीपूरच्या अलीकडे, सडक सोडून पांदणीने, शेतांमधल्या गाडीवाटेने, आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावात होती. पाचवी, सहावी, सातवी. लोक तिला मिडल स्कूल म्हणत. चार खोल्या, एक विहीर, एक चपराशी आणि आसपासच्या चार खेड्यांतून येणारी सव्वाशे पोरं. मी वर्ध्याची, घर पिपरीला. बावीस वर्षांची होते. अंगावर इस्त्रीची साडी आणि डोक्यात ट्रेनिंग कॉलेजातली मोठी मोठी वाक्यं घेऊन पहिल्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत गेले, तर खुर्चीवर नकाशांच्या गुंडाळ्या ठेवलेल्या. हेडमास्तर बाहेर ओसरीत, पाचवीच्या बुटक्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसलेले.

"खुर्चीवर बसलो का खिडकीतून नुसतं आभाळ दिसते, बाई," ते म्हणाले. "इथून पोट्टे दिसतेत."

नऊ वर्षांत मी त्यांना त्या खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. वेडेपणाच तो. तालुक्याहून कुणी आलं की आम्हाला धावत जाऊन नकाशे उचलावे लागत.

सदऱ्याला दोन मोठे खिसे त्यांनी शिंप्याकडून सांगून शिवून घेतले होते. उजव्या खिशात कोऱ्या चिठोऱ्या, डाव्यात लिहिलेल्या. पोराचं काही नजरेस पडलं की गुरुजी जागीच थांबत, चिठोरी काढत, पेन्सिलीला थुंकी लावून लिहीत आणि डाव्या खिशात टाकत. मग तो गणिताचा तास असो की प्रार्थना. एकदा पंधरा ऑगस्टला झेंडा अर्ध्यावर असताना त्यांनी दोरी माझ्या हातात दिली आणि चिठोरी काढली. सरपंच सलाम ठोकून उभे, झेंडा मध्येच लटकलेला आणि आमचे गुरुजी लिहिताहेत. मागच्या रांगेतल्या एका पोराने स्वतःची टोपी काढून शेजारच्या उघड्या डोक्याच्या पोराला दिली होती, ते त्यांना हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

फाल्गुनात या चिठोऱ्यांची खबर व्हायची. फुलस्केप कागदावर, कार्बन लावून, आम्ही मास्तर मंडळी हाताने उतरवायचो. वर सगळ्या घरांसाठी सारखा मजकूर असे. पाडव्यापासून शाळा सकाळची भरेल. विहिरीचं पाणी खाली गेलं आहे, पोरासोबत पाण्याची शिशी धाडावी. लस टोचणारे येतील त्या दिवशी पोरं गुरांच्या कोठ्यात लपवू नयेत. परीक्षेच्या आठवड्यात पोरांना गहू कापायला नेऊ नये, नेलंच तर पुस्तक सोबत द्यावं. आणि त्याखाली प्रत्येक पोराची एक ओळ. सव्वाशे पोरं, सव्वाशे ओळी.

ओळ खरी पाहिजे, चांगली पाहिजे आणि त्यात मार्क नकोत, असा त्यांचा दंडक होता. ऐकायला सोपं वाटतं. लिहायला बसलं म्हणजे कळतं. एखादं पोर असं असायचं की मी वर्षभर डोकं फोडलं तरी मला त्याच्यात चांगलं काही सापडत नसे. गुरुजींना सापडे. 'पांडुरंग वर्गात झोपतो, पण उठवल्यावर रागवत नाही.' 'यमुनेची बेरीज चुकते, पण चुकली हे तीच आधी सांगते.' 'नामदेवाचं अक्षर कोणालाच लागत नाही, तरी तो रोज लिहितो.'

पांडुरंगाचा बाप ओळ ऐकून भडकला होता. "गुरुजी, पोट्टं झोपते हे तुमी साऱ्या गावाले सांगून राह्यले?"

"रागवत नाई, हे सांगून राह्यलो," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तुमी झोपले असान तवा तुमाले उठवून पाहू काय?"

बायको पदर तोंडाशी धरून हसली, मग बापही हसला. मग पाणी आलं.

हे सगळं पायी कशाला, कागद पोरांच्या हाती पाठवले तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तक्रार वाऱ्यानं जाते, बाई. चांगलं सांगाले पायी जा लागते." आणि फाल्गुनातच का, तर कापूस विकून झालेला असतो, गहू खळ्यावर येतो, माणसाला ऐकायला फुरसत असते. खरं कारण मात्र त्यांनी एकदाच, पांदणीत बाभळीखाली टेकलो असताना, मला सांगितलं. त्यांच्या लहानपणी मास्तर त्यांच्या घरी एकदाच आले होते, तक्रार घेऊन. बापाने मास्तरांसमोरच बडवलं आणि दोन वर्षं शाळेतून काढून गुरांमागे लावलं. "मास्तर खोटं नोते बोलले," ते म्हणाले. "पन माह्याबद्दल तेवढंच खरं होतं काय?" एवढं बोलून ते उठले आणि पुढे चालू लागले.

खबरेत मार्क का नाहीत, पालकांना प्रगती कशी कळणार, म्हणून तालुक्याचे साहेब एकदा जाब विचारायला आले. गुरुजींनी ऐकून घेतलं. जाताना साहेबांच्या हातात एक चिठोरी दिली. 'साहेब जीप सडकेवर सोडून पांदणीतून पायी आले.' साहेबांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि पुन्हा मार्कांचं नाव काढलं नाही. माणूस कितीही मोठा झाला तरी आपल्याबद्दल चांगलं लिहिलेलं त्याला टाकवत नाही. हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. त्या लिहिलेल्याने काय होऊ शकतं, हे त्यांना त्या सालापर्यंत ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

ते दुष्काळाचं साल होतं, माझ्या नोकरीचं दुसरं. सरकारकडून शाळेत दलिया यायचा आणि चपराशी तो मागच्या पडवीत मोठ्या गंजात शिजवायचा. सातवीत पंचफुला नावाची मुलगी होती. सावळी, उंच, वेणीला कधी लाल कधी हिरवी, हाताला लागेल ती फीत. गणितात तिचं डोकं असं चालायचं की गुरुजी तिला फळ्याशी उभं करून स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसत. सातवीनंतर आठवीसाठी हिंगणघाटला जावं लागे. आमच्या शाळेतून तोवर एकही मुलगी आठवीला गेलेली नव्हती. पंचफुलाला जायचं होतं. बसचा पास कसा निघतो, हे तिने मला दिवाळीपासून दहादा विचारलं असेल.

बाप वाईट माणूस नव्हता. घरची चांगली शेती, पोरीवर जीव, पण लोक काय म्हणतील याचा धाक. गुरुजी त्याच्याकडे तीनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "गुरुजी, तुमची खबर खोटी नसते. यंदा पोरीची खबर काय म्हंते ते आयकतो, अन् मंग ठरवतो." गुरुजी परत आले ते छत्री फिरवतच. जवळजवळ झालंच, असं त्यांना वाटत होतं.

आणि होळीनंतर त्यांना ताप भरला. शाळेमागच्या खोलीत ते खाटेवर पडले. खबरेचं उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. सातवीच्या पाच ओळी राहिल्या होत्या. त्यांनी मला चिठोऱ्यांची एक पुडी दिली.

"याच्यात पाचही जनांच्या चिठ्ठ्या हायेत. पंचफुलाच्या लय हायेत, मले एक निवडता नाई आली. तुमी निवडा. पन तिची लिहिसान तं जरा इचार करून लिहा, बाई. तिच्या बापानं खबरेवर सोडलं हाय."

हे शब्द त्यांनी मला स्पष्ट सांगितले होते. ऐकू आलं नाही, समजलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही.

वर्ध्याला जाणारी माझी बस पाचची होती आणि ती पकडायला सडकेपर्यंत चालत जावं लागे. साडेचार झाले होते. घरी त्या दिवशी मला पाहायला पाहुणे येणार होते. मी पुडी सोडलीच नाही. चौघांच्या ओळी आठवतील तशा लिहिल्या आणि पंचफुलाशी आले तेव्हा मला दलिया आठवला. पौषात एकदा चपराशी आला नव्हता. पोरं सकाळपासून उपाशी. मीच पंचफुलाला गणिताच्या तासातून उठवून पडवीत पाठवलं होतं. तिने तीन चुली मांडल्या, धुराने डोळे लाल करून घेतले आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या ताटल्यांत गरम दलिया पडला. मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला होता. मी लिहिलं, 'पंचफुलेने एकटीने सव्वाशे पोरांचा स्वयंपाक केला, एकही पोर उपाशी राहिलं नाही.' खरी ओळ. चांगली ओळ. मार्क नाहीत. मी कागद गुरुजींच्या उशाशी ठेवले आणि बस पकडली.

चार दिवसांनी ताप उतरल्या उतरल्या ते निघाले. मी सोबत होते. त्यांच्या अंगात त्राण नव्हतं, ते छत्रीवर भार टाकून चालत होते. कागद त्यांनी आधी वाचले नव्हते. माझ्यावर विश्वास होता.

पंचफुलाच्या घरी ओट्यावर तीन पाहुणे बसले होते. पुलगावच्या पलीकडल्या एका गावातले शेतकरी, बैलजोडी पाहायला आलेले. बाप लगबगीने उठला. "या गुरुजी, तुमचीच वाट पाहून राह्यलो." आई आली, आजी आली. पंचफुला दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही आणि पाहायची इच्छाही नाही. गुरुजींनी कागद उघडला. पाडव्याची सकाळची शाळा, विहिरीचं पाणी, सगळं वाचलं. मग तिचं नाव घेतलं आणि त्याच मोठ्या आवाजात सुरू केलं, "पंचफुलेने एकटीने—" आणि थांबले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाकडेच पाहत राहिले. वाचायचं नाही म्हटलं तर पोरीला ओळच नाही, असं साऱ्या मोहल्ल्यात झालं असतं. त्यांनी वाचलं.

"सव्वाशे मानसांचा?" पाहुण्यांतला वडीलधारा पुढे सरकला. "एकटीनं?"

"एकटीनं," बाप म्हणाला. त्याची छाती फुगली होती. "आमाले तं हिनं सांगतलंही नाई."

"अन् गनितातही ते," गुरुजी घाईघाईने बोलू लागले, "गनितात तं तिच्यासारखं पोट्टं माह्या पंचवीस वर्साच्या नोकरीत—"

"आमच्या घरी बावीस मानसं जेवतेत, गुरुजी," पाहुणा म्हणाला. "दोन सुना हायेत, दोघीही दुखनाईत. तिसरा पोरगा बिनलग्नाचा हाय. चांगली खबर आनली तुमी."

आईने पाण्याचा तांब्या आणला. गुरुजींनी तो हातात घेतला. तांब्या तसाच ओट्यावर ठेवून ते वळले.

दोन दिवसांत सुपारी फुटली. गुरुजी पुन्हा गेले, आम्ही दोघेही गेलो. बाप हात जोडून म्हणाला, "मी तं तुमच्या खबरेवर सोडलं होतं. तुमीच साऱ्यासमोर सांगतलं का पोरगी सयपाकात हुशार हाय. पाहुन्यायनं आयकलं, गावानं आयकलं. आता तुमीच म्हंता का नोको?"

"चूक झाली," गुरुजी म्हणाले. "ते ओळ चुकीची लिहिली. माही चूक हाय."

मी शेजारी उभी होते. त्यांची छत्री माझ्या हातात होती. 'ओळ मी लिहिली' हे तीन शब्द बोलायला किती वेळ लागतो? पण मी नवी होते, गाव बघत होतं आणि मी भित्री होते. मी काही बोलले नाही.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन ती पुडी सोडली. पंचफुलाच्या सात चिठोऱ्या होत्या. पहिल्याच चिठोरीवर लिहिलं होतं, 'पंचफुलेने विचारलं, शून्याने भागलं तर काय येतं? मला उत्तर आलं नाही.' बाकीच्या सहा मी त्या दिवशी वाचल्या नाहीत.

तिने परीक्षा दिली. दुसरी आली. निकाल लागला तेव्हा तिचं लग्न होऊन गेलं होतं. चौदावं वर्ष चालू होतं तिचं.

पुढल्या फाल्गुनात मी नेहमीप्रमाणे कार्बन घेऊन बसले तर गुरुजी म्हणाले, "तुमी वरचा मजकूर लिहा, बाई. पोट्ट्याच्या ओळी मी लिहितो." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत सव्वाशेच्या सव्वाशे ओळी ते स्वतःच्या हाताने लिहीत राहिले. बोटं सुजत. मुलींच्या ओळीत चूल, झाडू, पाणी, लहान भाऊ, यातलं काही येत नसे. तिने काय विचारलं, काय वाचलं, झाडावर कुठवर चढली, एवढंच. गावात लोक म्हणत, गुरुजीच्या खबरीनं पोरगी उजवली. काही कौतुकाने म्हणत, काही टोमणा मारून. दोन्ही त्यांनी मुकाट्याने ऐकलं. मास्तरांच्या खोलीत विषय निघाला की मी वह्या तपासायला घ्यायची.

एकदाच मी धीर केला. शाळा सुटली होती, ते बाकावर होते. मी म्हटलं, "गुरुजी, ती ओळ—" त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "खबर माही हाय, बाई. तिच्यातलं अक्षर अन् अक्षर माहं." आणि खाली वाकून खडू शोधायला लागले. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. नंतर त्याची लाज वाटली, पण नंतर.

चारही गावांची खबर संपली की त्यानंतरचा एक दिवस ते रजा टाकत आणि सकाळच्या गाडीने पुलगावकडे जात. कोण आहे तिकडे, विचारलं तर म्हणत, नातेवाईक. आम्ही थट्टा करायचो, गुरुजी दरसाल कोणतं श्रीखंड खायला जातात म्हणून. निवृत्तीनंतरही गेले. गुडघे गेल्यावर काठी घेऊन गेले. मग एका हिवाळ्यात ते झोपेतच गेले.

मी हेडमास्तरीण झाले. खुर्चीवर बसते, खोटं कशाला सांगू. पण खबर बंद केली नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, टीव्हीचे अँटेने दिसू लागले होते आणि नवे मास्तर म्हणायचे, बाई, हे काय जुनाट. मी म्हणायची, पाय दुखत असतील तर तुम्ही बसा.

अशाच एका फाल्गुनात, खबरेचे कागद टेबलावर पसरलेले असताना, एक बाई दारात येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर, हाडं वर आलेली, पण उंची तीच. "वळखलं काय बाई?" तिने विचारलं. मी ओळखलं होतं. तिची मधली मुलगी, सासरच्या गावी चौथीपुढे शाळा नाही म्हणून, आईच्या माहेरी आजोबांकडे राहून आमच्याच सातवीत शिकत होती. मुलीला आणायला-सोडायला नेहमी मामा यायचा. पंचफुला स्वतः त्या दिवशी पहिल्यांदा शाळेत आली.

ती खुर्चीवर बसली नाही. ओसरीतल्या बाकावर बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"बाई, एक सांगाचं होतं," ती म्हणाली. "पोरीची खबर लिहिसान तं तिच्या हाताच्या कामाचं काही लिहू नका. भाकरी लय चांगल्या करते ते. म्हनूनच म्हंतो."

मी म्हटलं, "नाही लिहिणार. गुरुजींचा नियमच होता तो."

"मालूम हाय," ती म्हणाली. "गुरुजी सांगत."

"तुला कुठे भेटले गुरुजी?"

"आमच्या घरी येत न दरसाल. होळी झाली का." तिला नवल वाटलं मला ठाऊक नाही याचं. "अंगनात उभे राहेत. सासू पानी आने, तं म्हनत, आंधी खबर. अन् मंग कागद काढून वाचत. माही एकटीचीच खबर. 'पंचफुलेनं पोथी वाचून दाखवली.' 'पंचफुलेनं दिराच्या पोराले पाढे शिकोले.' कुठून काढत, काय मालूम. सासरचे हासत पयले. मंग तेही वाट पाहाले लागले. एक साल माहं लेकरू गेलतं. तवा मी कोनासंगही बोलत नोती. गुरुजी आले, लय वेळ कागदच पाहत राह्यले. मंग वाचले, 'पंचफुला आज दारापर्यंत आली.' तेवढंच."

शाळेच्या मागे पोरं कवायत करत होती, शिट्टी ऐकू येत होती. तिने डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावर वाहू दिलं.

"अन् जातांनी दरसाल हात जोडत. 'पोरी, ते ओळ माही. माही चूक झाली.' मी म्हनो, गुरुजी, जाऊ द्या न आता. पन आयकत नोते. मले लय राग होता त्याहिचा, बाई. पयले दोन साल तं मी घरातून भायेरच नाई आली. मंग गेला राग."

पंधरा वर्षांत तिने जो राग गुरुजींवर काढून संपवला होता, तो खरं तर माझ्या वाट्याचा होता. आता गप्प राहिले तर मी माणूस नव्हे, असं मला वाटलं. मी तिला सांगितलं. ताप, पुडी, पाचची बस, मला पाहायला येणारे पाहुणे, सगळं. ओळ मी लिहिली, गुरुजींनी ती तुझ्या दारात पहिल्यांदा पाहिली, आणि ते माझ्यासाठी आयुष्यभर खोटं बोलले.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मंग गुरुजी काऊन येत होते दरसाल?" तिने विचारलं. खरोखर विचारलं, उत्तर हवं म्हणून. "त्याहिची चूक नोती तं?"

मी खाली मान घालून बसले.

मग ती उठली, खोलीत गेली. टेबलावरच्या कागदांतून बोट फिरवत तिने आपल्या मुलीचं नाव शोधून काढलं. त्यापुढची जागा अजून कोरी होती. मी पेन हातात घेतलं तशी ती म्हणाली, "तुमच्या मनानं नका लिहू, बाई. मी सांगतो तेच लिहा."

"सांग."

"लिहा, हिले आठवीत जाचं हाय."

मी लिहिलं. ही काही स्तुती नव्हती, खबरेच्या कोणत्याही दंडकात ती बसत नव्हती. तिने वाकून ओळ वाचली, एकेका शब्दाखाली बोट ठेवून पुन्हा वाचली, पदर सावरला आणि दाराशी जाऊन वळली.

"अन् मोठ्यानं वाचजा, बाई," ती म्हणाली. "माह्या बापाले आता कमी आयकू येते."